इव्हान्स सिटीच्या टेकडीवर

अमेरिकेतल्या पिट्सबर्गहून उत्तरेला साधारण 50 किलोमीटरवर इव्हान्स सिटी आहे. मी सुचवेन की स्वतःची नाहीतर भाड्याची गाडीच घ्या. गावालगतच्या टेकडीवरच्या दफनभूमीत दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोंच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या भयपटाचा (1968) पहिला प्रसंग घडतो. तोवर अमेरिकी भयपटातला मुडदा बहुतेकदा जुन्या गढीत किंवा शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत उठायचा. इथे तो उजेडात, साध्यासुध्या गावच्या कबरींमधून चालत येतो.

आधी उतार नीट पाहा. सिनेमाची नायिका बार्ब्रा हँडब्रेक सोडते आणि गाडी घरंगळत जाऊन झाडाला घासते, तो प्रसंग मुळात लिहिलेला नव्हता. चित्रीकरण चालू असताना ती गाडी दुसरीकडे कुठेतरी ठोकली गेली आणि पोचा पडला. मग पोच्याचं कारण कथेतच घालावं लागलं! मला हा सिनेमा आवडतो तो या हुशारीसाठी.

जायचं तर नोव्हेंबरात. कथा वसंतातली असली तरी हा भाग थंडीत चित्रित झाला. तोंडाची वाफ दिसू नये म्हणून नट श्वास रोखून धरत. उन्हाळ्यात झाडं पानांनी भरतात आणि पडद्यावरची चौकट जुळत नाही. इथे आजही दफनविधी होतात, तेव्हा कोणाचं कुटुंब जमलेलं असेल तर लांबच थांबा. कबरींच्या दगडांना टेकू नका. छोटं चॅपल चाहत्यांच्या देणग्यांतून वाचलंय, ते जरूर पाहा.

सिनेमातलं शेतघर मात्र शोधू नका. ते पाडायचंच होतं म्हणून मिळालं, आणि नंतर पाडलंही गेलं. त्यातलं तळघर तर पिट्सबर्गमधल्या कचेरीत चित्रित झालं. सगळा खर्च सुमारे 1,14,000 डॉलर. कृष्णधवल फिल्ममुळे रक्ताऐवजी चॉकलेट सिरप खपून गेलं.

निघण्यापूर्वी सिनेमा फोनवर उतरवून घ्या, तो कायदेशीररीत्या फुकट आहे. वितरकाने ऐनवेळी नाव बदललं आणि नव्या नामपट्टीवर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार ती ओळ नसली की हक्कच जात असे. टेकडीवर पोचलात की पहिली पाच मिनिटं लावा, चॅपल आणि रस्त्याचं वळण जुळवा. बार्ब्राचा भाऊ कुठे उभा होता ते मग आपोआप सापडतं.