चाल एकच होती, म्हणून काय?

दर भारतभेटीत हा प्रश्न येतोच. लग्नात, बारशात, परवा तर दवाखान्याच्या बाकावर. "तुमच्या बेलफास्टला संगीताने भांडणं मिटली ना? तुम्हीच लिहिलं होतंत." (बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये. भांडणं म्हणजे ब्रिटनसोबत राहू पाहणारे प्रॉटेस्टंट आणि आयर्लंडशी जोडून घेऊ पाहणारे कॅथलिक यांच्यातला, 1998 पर्यंत सुमारे तीस वर्षं चाललेला हिंसाचार.)

हो, मीच लिहिलं होतं. 2013 च्या एका दिवाळी अंकात. त्या लेखाचा फोटो अजून व्हॉट्सॲपवर फिरतो आणि वर्षातून एकदा तरी मलाच परत येऊन पोचतो. मागच्या महिन्यात एका शाळेतल्या बाईंनी फोन केला, की "संगीतातून सलोखा" यावर मुलांशी अर्धा तास बोला. मी नाही म्हटलं. त्या दुखावल्या, आणि मला कारण धड सांगता आलं नाही. तुम्ही इतक्यांनी इतक्यांदा विचारलंत म्हणून आता बसून लिहिते आहे.

आधी त्या लेखाबद्दल. ऑगस्ट 2013 मध्ये मी डेरीला गेले होते. (कुणी डेरी म्हणतं, कुणी लंडनडेरी. नाव घेतलं की बाजू कळते, त्यामुळे पहिली दोन वर्षं मी त्या शहराचं नाव घ्यायचंच टाळायची.) आयरिश पारंपरिक संगीताचा सगळ्यात मोठा वार्षिक मेळा, ज्याला फ्ला म्हणतात, तो त्या वर्षी पहिल्यांदा सीमेच्या उत्तरेला, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये, भरला होता. हाच मेळा 1971 मध्ये, माणसांना खटल्याविना डांबून ठेवण्याच्या निषेधार्थ, रद्द झाला होता. आणि 2013 मध्ये त्याच मेळ्यात शहरातल्या प्रॉटेस्टंट बँडवाल्यांनी वाजवलं. रस्ता माणसांनी फुलला होता. मी तिथे उभी राहून रडले आणि रात्री हॉटेलात बसून लेख लिहिला. त्यातलं जे वाक्य तुम्ही पाठवत असता, "जिंकलेल्यांचं गाणं आणि हरलेल्यांचं गाणं, पण चाल एकच," ते त्या रात्रीचं आहे.

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. अडचण तीच आहे.

मी लहानपणी बासरी शिकले. 2004 मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे बेलफास्टला आले. तिथल्या एका पबमधल्या सेशनमध्ये, म्हणजे एकत्र जमून वाजवण्याच्या बैठकीत, लाकडी फ्लूट ऐकली आणि पुढे होऊन हातात घेऊन पाहिली. सहा भोकं. बोटं आपोआप जागेवर गेली. 1847 नंतर थिओबाल्ड ब्यॉम या जर्मन वाद्यकाराची नवी फ्लूट आली, वाद्यवृंदांनी हळूहळू ती घेतली आणि जुन्या लाकडी फ्लूटा टाकून दिल्या. त्या स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या आणि आयरिश वादकांच्या हाती आल्या. बारा जुलैच्या मिरवणुकीत प्रॉटेस्टंट बँडवाले जी आखूड फ्लूट वाजवतात, तीही याच कुळातली. हे समजलं तेव्हा मला वाटलं, देवानेच खूण ठेवली आहे. वाद्याचं कूळ एक, मग माणसं वेगळी कशी?

आज त्या मुलीला खांद्याला धरून विचारावंसं वाटतं, की अगं, कूळ एक असलं की भांडण होत नाही हे तुला कुणी सांगितलं? आपल्याकडे भावकीच तर कोर्टात जाते.

तिच्याकडे पुरावे भरपूर होते. जुलै 1792 मध्ये बेलफास्टच्या प्रॉटेस्टंट नागरिकांनी आयर्लंडभरचे उरलेसुरले हार्पवादक गोळा केले. बहुतेक आंधळे होते. डेनिस हेम्पसन तर सत्त्याण्णव वर्षांचे, वाढवलेल्या नखांनी पितळी तारा छेडणारे. एडवर्ड बंटिंग नावाचा एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक शेजारी बसून सूर कागदावर उतरवून घेत होता, तोही प्रॉटेस्टंट. आज "कॅथलिकांचं" म्हणून ओळखलं जाणारं किती संगीत त्या पोरामुळे वाचलं! हे मी लेखात लिहिलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1795 मध्ये, बंटिंगच्याच आरमा परगण्यात प्रॉटेस्टंट-कॅथलिक चकमक झाली आणि बारा जुलैच्या मिरवणुका काढणाऱ्या ऑरेंज ऑर्डर या प्रॉटेस्टंट संघटनेची स्थापना झाली, हे लिहिलं नाही. मला ते माहीत होतं. लेखात बसत नव्हतं म्हणून सोडलं.

आता 2015 सालचं सांगते. हे मी घरात सोडून कुठे बोललेले नाही.

युरोपीय संघाचा शांतता निधी इथे 1995 पासून येतो आहे आणि त्यातून असंख्य उपक्रम झाले आहेत. असाच एक. दोन्ही बाजूंची आठ-आठ मुलं, एका बाजूचे एक बँडवाले गृहस्थ, दुसऱ्या बाजूच्या एक फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) बाई आणि मी. मला घेतलं कारण मी कुणाचीच नव्हते. इथे अर्जात समाजाचा रकाना असतो: प्रॉटेस्टंट, कॅथलिक, किंवा यांपैकी नाही. माझी खूण तिसऱ्या चौकटीत.

दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही एका हॉलमध्ये जमायचो. हॉलमागे भिंत होती. तुम्ही फोटोत पाहता तीच, प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक मोहल्ल्यांमधली. अशा पहिल्या भिंती 1969 मध्ये उभ्या राहिल्या. 2023 पर्यंत सगळ्या हटवू असं सरकारने 2013 मध्ये जाहीर केलं होतं, पण कित्येक अजून उभ्या आहेत. ते गृहस्थ सत्तरीचे होते. मला म्हणायचे, "पोरी, तू खोलीत वाजवल्यासारखं वाजवतेस. रस्त्यावर शेजारचा ड्रम तुला तुझंच ऐकू देणार नाही. फुंक पोटातून येऊ दे." वाजवून झालं की फ्लूट मांडीवर आडवी ठेवून मोठ्या रुमालाने पुसायचे, अगदी सावकाश. चहाच्या वेळी फिडलवाल्या बाई त्यांच्या कपात न विचारता दोन चमचे साखर घालायच्या. चौथ्या मंगळवारी मी हे पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, जमलं.

शेवटच्या कार्यक्रमासाठी चाल मी निवडली. 1690 च्या बॉइनच्या लढाईतल्या प्रॉटेस्टंट विजयाचं जे गाणं आहे, ती. अठराव्या शतकात हरलेल्या कॅथलिक बाजूच्या एका कवीने, गादी गमावलेल्या स्टुअर्ट घराण्याचा राजा परत येईल या आशेवर, आयरिश भाषेत एक गाणं रचलं ते याच चालीवर. मला खजिना सापडल्यासारखं झालं होतं. बँडवाले गृहस्थ म्हणाले, "बघू." बाई म्हणाल्या, "मुलांना हवं असेल तर वाजवू दे." हे दोन्ही होकार नव्हते. तिथे इतकी वर्षं काढून मला एवढं कळायला हवं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी पुढच्या रांगेत अधिकारी होते. मी माइक हातात घेतला आणि लेखातलं तेच वाक्य इंग्रजीत म्हटलं. "ही चाल तुम्हा दोघांची आहे. तीनशे वर्षं तुम्ही एकच सूर वाजवत आहात." टाळ्या पडल्या. मी वळून पाहिलं तर ते गृहस्थ फ्लूट उलगडत होते. सांध्यावर सूत गुंडाळलेलं असतं, त्यामुळे तुकडा ओढून निघत नाही, फिरवून फिरवून काढावा लागतो. त्यांनी एकेक तुकडा तसा काढला, रुमालाने आतून पुसला, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि बाजूच्या दाराने निघून गेले. बाईंचा फिडलचा गज मांडीवरच राहिला. सोळा मुलं वाजवत होती. बँडमधली एक मुलगी पूर्ण चाल संपेपर्यंत त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत वाजवत होती.

मी गाड्या लावतात तिथे धावले. ते गाडीत बसले नव्हते, दाराला टेकून उभे होते. म्हणाले, "ही चाल माझ्या भावाने मला शिकवली. मेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्याचं दुसरं काही माझ्याजवळ नाही. आज तू सगळ्यांदेखत ती वाटून टाकलीस."

मी म्हटलं, "पण ते खरं आहे."

"असेल. मी कुठे खोटं म्हणतोय?"

भाऊ कसा गेला हे मी विचारलं नाही. तिथे विचारत नाहीत.

आठवड्याने बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. "दर जुलैत ही चाल आमच्या खिडकीखालून जायची. आई पडदे ओढून आम्हाला मागच्या खोलीत बसवायची. ड्रम लागला की काचा थरथरायच्या. आणि आता तू सांगतेस की ती आमचीही आहे. मी तिचं काय करू?"

अहवालात कार्यक्रम यशस्वी ठरला. माझं वाक्य त्यात चौकट करून छापलं होतं.

पुढचं वर्षभर मी त्या दोघांवर चिडलेली होते. एवढा हट्टीपणा! मी बाहेरून येऊन तुमच्यासाठी जीव टाकते आणि तुम्हाला एक चाल वाटून घेता येत नाही? हेही लिहायला हवं, कारण तुम्ही मला समजूतदार समजता. चिड ओसरल्यावर जे दिसलं ते असं: चाल सामायिक होती, आठवण सामायिक नव्हती, आणि मी चालीचा पुरावा पुढे करून आठवण गप्प बसवायला निघाले होते. माझा हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणते. पण त्या माइकवरून मी त्यांना समेट करा असं सांगितलंच नाही. तुमचं भांडण गैरसमजातून आहे, एवढंच सांगितलं. त्या तीस वर्षांत गेलेली साडेतीन हजार माणसं गैरसमजातून मेली का?

हिंसाचार थांबवणारा 1998 चा करार संगीताने झाला नाही. सत्तेची वाटणी, कैद्यांची सुटका, पोलीस दलाची फेररचना, यावर वर्षानुवर्षं घासाघीस झाली आणि मग उत्तर आयर्लंडमध्ये मत देणाऱ्यांपैकी 71 टक्के लोकांनी बाजूने कौल दिला. त्यातलंही बरंच अर्धवट आहे. आपल्या माणसाला कुणी मारलं हे ज्यांना आजतागायत कुणी सांगितलेलं नाही, अशी घरं तिथे आहेत. त्यांना "या, एकत्र वाजवू" म्हणताना माझी जीभ आता अडखळते.

पण 2013 ची मी गप्प बसत नाही. ती विचारते, आणि ती साखर? ते दोन चमचे? त्या दोघांना एका टेबलाशी कराराने बसवलं नव्हतं, वाद्यांनी बसवलं होतं. याला माझ्याकडे उत्तर नाही. हात वाद्यात गुंतलेले असले की समोरच्याच्या डोळ्यांकडे बघावं लागत नाही, आणि तरीही एका खोलीत बसता येतं. हे थोडं आहे का खूप, मला ठरवता येत नाही. मी गप्प राहिले असते तर सहावा मंगळवार उगवला असता का, तेही नाही.

3 ऑगस्ट 2024 ला बेलफास्टमध्ये स्थलांतरितांविरुद्ध मोर्चा निघाला. त्यात कॅथलिक बाजूचा आयरिश तिरंगा आणि प्रॉटेस्टंट बाजूचा युनियन जॅक शेजारी शेजारी होते. जे झेंडे एकत्र दिसावेत म्हणून आम्ही अर्ज भरले, निधी आणला, मुलांना तालमी दिल्या, ते आमच्याविरुद्ध एका रांगेत चालले. नंतर परदेशी लोकांची दुकानं जाळली. मी पडदे ओढले आणि धाकट्याला मागच्या खोलीत बसायला सांगितलं. सांगून झाल्यावर लक्षात आलं, मी काय बोलले ते. मग पलंगावर बसून राहिले.

त्या रात्री साडेनऊला फोन वाजला. नऊ वर्षांनी त्या बँडवाल्या गृहस्थांचा आवाज. "घरात आहेस ना? उद्या बाहेर पडू नकोस. सामान हवं असेल तर सांग." एवढंच.

ऑक्टोबरमध्ये मी त्यांना भेटायला गेले. स्वयंपाकघरात बसलो. चहा झाला. साखर त्यांनी स्वतः घातली, दोन चमचे. म्हणाले, "तू तेव्हा बरोबर होतीस असं मी म्हणत नाहीये." मी म्हटलं, "मी विचारायला आलेलेच नाही." फिडलवाल्या बाईंचं त्यांनी विचारलं. त्या आता सेशनला येत नाहीत, माझा फोनही उचलत नाहीत, हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग खणातून फ्लूट काढली, तुकडे फिरवून बसवले. उठून खिडकी लावून घेतली, कडीसुद्धा घातली. आणि ती चाल वाजवली, मिरवणुकीच्या निम्म्या लयीत, एकदाच. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खिडकी लावली की बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून, हे मी विचारलं नाही. वाजवून झाल्यावर त्यांनी रुमाल माझ्याकडे दिला आणि मी फ्लूट पुसली.