जूडीच्या कमरेचा फवारा

माणसांसारखे वागणाऱ्या प्राण्यांच्या शहरात घडणारा डिस्नेचा २०१६ सालचा ॲनिमेशनपट ‘झूटोपिया’ गेल्या आठवड्यात पुतणीबरोबर पुन्हा पाहिला. पहिल्या वेळी तो पूर्वग्रहांविषयीचा गोड धडा वाटला होता; या वेळी माझे लक्ष सारखे जूडी हॉप्सच्या कमरेकडे जात होते.

जूडी ही सशांमधली पहिली पोलीस अधिकारी. ती महानगरात निघते तेव्हा आईवडील तिच्या हाती कोल्ह्यांना पळवून लावणारा फवारा ठेवतात. कामाच्या पहिल्या दिवशी ती तो खोलीतच ठेवून बाहेर पडते, आणि लगेच मागे फिरून बरोबर घेते. पुढे आइसक्रीमच्या दुकानात निक वाइल्ड या कोल्ह्याला हाकलणाऱ्या हत्तीशी ती भांडते खरी. पण नंतर निकचे कौतुक करताना तो बोलतो किती छान, असेही म्हणून जाते. ‘तुमचे मराठी अगदी शुद्ध आहे हो, वाटत नाही’ हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे (किंवा सहज उच्चारले आहे), त्यांना या कौतुकातली मेख उलगडून सांगायला नको.

दिग्दर्शक बायरन हॉवर्ड आणि रिच मूर यांच्या आधीच्या आराखड्यात नायक निक होता आणि शिकारी प्राण्यांच्या गळ्यात विजेचा झटका देणारे पट्टे होते. ते पट्टे गेले आणि गोष्ट जूडीची झाली, हे मला फार मोलाचे वाटते, कारण त्यामुळे आपण अन्याय सोसणाऱ्याच्या नव्हे, तर नकळत तो करणाऱ्या भल्या जिवाच्या बाजूला बसतो. काही शिकारी प्राणी अचानक हिंस्र का झाले, याचे उत्तर ती पत्रकार परिषदेत त्यांच्या ‘डीएनए’त शोधते, आणि शहर बदलते. ट्रेनमध्ये वाघ शेजारी बसताच एक आई पिल्लाला अंगाशी ओढते. पोलीस ठाण्यात येणाऱ्याला आधी शिकारी प्राण्याचे तोंड दिसू नये म्हणून क्लॉहाउसर या गुबगुबीत चित्त्याची रवानगी तळघरात होते.

उपमहापौर बेलवेदर ही मेंढी भीतीचे गणित उघडच मांडते: दहात नऊ भक्ष्य प्राणी, त्यांना एक शत्रू दाखवला की सत्ता हाती. प्राण्यांना हिंस्र करणारा हात तिचाच निघतो. मात्र तिला अटक झाली की सगळ्यांची भीतीही ओसरते, ही पटकथेने घेतलेली सोयीची पळवाट आहे. क्लॉहाउसरला खाली पाठवणाऱ्यांना कोणी जाब विचारत नाही. शिवाय या जगात शिकारी प्राणी पूर्वी खरोखरच इतरांना खात होते. माणसांतल्या जातीवंशांशी ताडून पाहू लागलो की रूपक इथे लंगडते.

पत्रकार परिषद संपल्यावर निक पंजे उगारून अंगावर येण्याचा आव आणतो आणि जूडीचा हात आपोआप कमरेच्या फवाऱ्याकडे जातो. ‘पण तिने मारला तर नाही ना,’ पुतणी म्हणाली. मी प्रसंग थोडा मागे नेला. तो फवारा आपल्याला पहिल्याच भेटीत दिसला होता, हे निकने तिला नुकतेच सांगितलेले असते.