दोन पेंग्विन आणि एक डेव्ह

जुने आणि आडबाजूचे व्हिडिओ गेम शोधून खेळण्याचा छंद असलेल्या माणसाला "तुमचा सर्वांत आवडता खेळ कोणता?" असे कोणी विचारले, की तो बहुधा जगाने मान्य केलेले एखादे नाव सांगून सुटका करून घेतो. मीही 'सुपर मारिओ' असे उत्तर देतो, कारण खरे उत्तर दिले तर पुढे अर्धा तास समजावून सांगत बसावे लागते. खरे उत्तर 'बायनरी लँड' हे आहे. नाव ऐकून समोरचा गप्प होतो. मग मी वर्णन करू लागतो: पडद्याच्या मधोमध एक उभी भिंत, तिच्या दोन्ही बाजूंना चक्रव्यूह, आणि प्रत्येक बाजूला एकेक पेंग्विन. एकाला डावीकडे नेले की दुसरा आपोआप उजवीकडे जातो. दोघांनाही वर पिंजऱ्यात ठेवलेल्या हृदयापाशी एकाच वेळी पोहोचवायचे असते आणि वाटेत कोळ्यांची जाळी असतात. इतके सांगेपर्यंत, ऐकणारा नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेला असेल, तर "अरे, तो होय!" म्हणून उजळतो. नाव त्याला कधीच ठाऊक नव्हते. खेळ मात्र त्याच्या बोटांना पाठ आहे.

हा खेळ हडसन सॉफ्ट या जपानमधल्या साप्पोरोच्या कंपनीने 1985 मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रासाठी काढला आणि त्या काळात तो अमेरिकेत अधिकृतपणे विकलाच गेला नाही. त्यामुळे जुन्या खेळांवर इंग्रजीत जे लिहिले-बोलले जाते, त्यात तो 'फक्त जपानात निघालेला, फारसा कोणाला माहीत नसलेला' या सदरात मोडतो. तीच गत 'नट्स अँड मिल्क'ची, 'सर्कस चार्ली'च्या फॅमिकॉम आवृत्तीची आणि आश्चर्य म्हणजे 'बॅटल सिटी'चीही. विटांच्या भिंती फोडत फिरणारे रणगाडे आणि तळाशी जपायचा तो गरुड आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीला ठाऊक आहे, पण त्याच काळात निन्टेन्डोवर वाढलेल्या अमेरिकी मुलाच्या हाती तो खेळ सहसा पडला नाही. कोणता खेळ प्रसिद्ध आणि कोणता अप्रसिद्ध, हे आपण खेळाच्या गुणांवरून ठरते असे धरून चालतो. माझे मत असे झाले आहे, की ते बरेचसे वाहतुकीवरून ठरते.

या वाहतुकीमागचे कारण मोठे मजेदार आहे आणि ते किलोबाइटमध्ये मोजता येते. आपल्याकडे जी यंत्रे 'टीव्ही गेम' या नावाने घरोघरी आली, ती बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या आणि त्यांत घालायच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना आपण 'कॅसेट' म्हणत असू. नक्कल करणाऱ्यांना एका कॅसेटमध्ये जितके खेळ कोंबता येतील तितके हवे होते. फॅमिकॉमचे सुरुवातीचे खेळ अंगाने अगदी बारीक होते. 'बॅटल सिटी', 'बायनरी लँड', 'सर्कस चार्ली' हे प्रत्येकी 24 किलोबाइटचे, 'सुपर मारिओ ब्रदर्स' 40 किलोबाइटचा. उलट अमेरिकेत निघालेली 'कॉन्ट्रा' 128 किलोबाइटची होती आणि तिला स्मृतीचे भाग आलटून पालटून समोर आणणारी जास्तीची सोयही कॅसेटमध्ये लागत असे. तालुक्याच्या वडाप जीपमध्ये ड्रायव्हर सडपातळ माणसे आधी पाहून बसवतो, तसे हे चोरटे उत्पादक 1984 ते 1986 चे सडपातळ खेळ गोळा करत आणि वर '9999 इन 1' असे छापून मोकळे होत. आत खेळ मोजकेच असत. बाकीच्या ओळींत तेच खेळ वेगळ्या नावांनी किंवा पुढच्या एखाद्या पातळीपासून सुरू होणारे म्हणून पुन्हा लावलेले असत. ही उघड फसवणूक होती. पण तिच्यामुळेच जपानी खेळांचा एक असा थर आपल्याकडे पोहोचला, जो अधिकृत दुकानाच्या वाटेने कधीच आला नसता.

'बॅटल सिटी'बद्दल थोडे अधिक लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नामको कंपनीच्या या खेळात 35 पातळ्या आहेत आणि दोघांना एकत्र खेळता येतो. दोघेही एकाच बाजूचे असतात, परंतु मित्राची गोळी लागली की आपला रणगाडा मरत नाही. तो क्षणभर जागच्या जागी थिजतो. ही एवढीशी तरतूद करणाऱ्या माणसाला भावंडांची मानसिकता पुरती ठाऊक असली पाहिजे. शत्रू गरुडाच्या दिशेने येत असताना धाकट्याने मोठ्याला मुद्दाम थिजवून ठेवायचे, मोठ्याने ओरडायचे आणि या भानगडीत गरुड जायचा, हे ज्या घरात घडले नाही त्या घरात टीव्ही गेम नव्हता असे खुशाल समजावे. शिवाय त्यात स्वतःचा नकाशा रचण्याची सोय होती. आम्ही गरुडाभोवती पोलादी भिंतींचे तीन-तीन थर लावत असू आणि मग लक्षात येई, की अशा खेळात काही रामच उरत नाही. अडचण किती ठेवावी याचे हे पहिले प्रत्यक्ष शिक्षण होते, आणि तेही एका कर्कश 'टॅ-टॅ-टॅ' आवाजाच्या साथीने. आवाजावरून आठवले: कोनामीच्या 'अंटार्क्टिक अ‍ॅडव्हेंचर'मध्ये बर्फावरून धावणाऱ्या पेंग्विनच्या मागे जी धून वाजते, ती वाल्डटॉयफेल या एकोणिसाव्या शतकातल्या संगीतकाराचा 'स्केटर्स वॉल्ट्झ' आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीताशी आपल्यातल्या कित्येकांची पहिली ओळख अशी एका पेंग्विनने करून दिली.

संगणकावरही हाच प्रकार घडला. शाळेच्या संगणक कक्षात किंवा गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, सर बाहेर गेले की काळ्या पडद्यावर जे दोन खेळ सुरू होत, त्यांतला एक 'डेंजरस डेव्ह' होता. लाल टोपीतला डेव्ह चषक उचलतो आणि मग दारातून पुढच्या पातळीत जातो. चषकाशिवाय दार उघडत नाही. अशा एकूण दहा पातळ्या आहेत. जॉन रोमेरो यांनी तो 1988 मध्ये अ‍ॅपल टू संगणकासाठी लिहिला आणि 1990 मध्ये त्याची डॉसवरची, म्हणजे विंडोजपूर्वीच्या साध्या पीसीवर चालणारी, आवृत्ती निघाली. दर अंकाला फ्लॉपीवर काही प्रोग्रॅम पाठवणारी नियतकालिके तेव्हा अमेरिकेत होती, त्यांच्यासाठी केलेले ते काम होते. पुढे याच रोमेरो यांचे नाव 'डूम' या गोळीबाराच्या खेळामुळे जगभर झाले आणि तिकडच्या इतिहासात डेव्ह म्हणजे 'डूम'च्या कर्त्याने तरुणपणी केलेला एक खेळ, एवढ्या ओळीपुरता उरला. आपल्याकडे मात्र डेव्ह पानभर आहे आणि रोमेरो हे नाव तळटीपेतही नाही. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत तो कुठल्या वाटेने इतका पसरला याचा नकाशा कोणी काढला, तर मी तो विकत घेऊन भिंतीवर लावीन.

दुसरा खेळ अर्थातच 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. तो सर्वत्र गाजला असल्याने त्यावर इथे फार लिहिण्याचे कारण नाही, पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावताना आणि उड्या मारताना चित्रित करून त्यावरून राजपुत्राची चाल रेखाटली आणि त्या चालीने संगणकाची स्मृती इतकी व्यापली, की दुसरा प्रतिस्पर्धी रेखाटायला जागाच उरेना. तेव्हा राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून, रंग पालटून त्यांनी त्याची सावली उभी केली. ती आरशातून बाहेर पडते. तिच्यावर वार केला तर आपलाच प्राण कमी होतो. तलवार म्यान केली की ती आपल्यात मिसळून जाते. खेळातली सर्वांत देखणी कल्पना जागेच्या टंचाईतून निघाली. हल्लीचे शंभर गिगाबाइटचे खेळ उतरवून घेताना रात्र जाते, तेव्हा हे हटकून आठवते.

जे खेळ आपल्यापर्यंत कोणत्याच वाटेने आले नाहीत, ते मी मोठेपणी इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या संगणकातल्या प्रोग्रॅमवर, शोधून खेळू लागलो. त्यांत माझा लाडका 'विब-रिबन' हा सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनवरचा 1999 चा खेळ आहे. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ आणि तिच्यावरून चालणारा रेघांचाच ससा, यापलीकडे त्यात दृश्य असे काही नाही. वाजणाऱ्या संगीतानुसार रेघेत खड्डा, लाट, वळसा किंवा ठोकळा येतो आणि योग्य बटण वेळेवर दाबले नाही तर सशाचा बेडूक होतो, बेडकाचा किडा होतो. हा सगळा खेळ इतका हलका आहे, की तो एकदा यंत्राच्या स्मृतीत चढला की त्याची तबकडी बाहेर काढून तिच्या जागी आपली गाण्याची सीडी घालता येते आणि खेळ त्या गाण्यातून नवा रस्ता तयार करतो. ज्या जपानी माणसांनी हे रचले, त्यांच्या मनात ढोलकी असण्याची शक्यता नव्हती. पण मी लावणीची सीडी घातली, तेव्हा ढोलकीच्या तोड्यावर त्या बिचाऱ्या रेघेला अक्षरशः झटके आले आणि ससा दोन कडव्यांच्या आत किड्यावर आला. संथ लयीच्या अभंगात तोच ससा निवांत चालत राहिला. उत्कृष्ट ध्वनिमुद्रणापेक्षा जुनी, खरखर करणारी ध्वनिमुद्रणे खेळायला अवघड जातात, असा माझा अनुभव आहे. त्याला शास्त्रीय आधार असेलच असे नाही.

सगळेच अप्रसिद्ध खेळ असे गुणी नसतात, हेही सांगायला हवे. या छंदातल्या लोकांना दुर्मीळ ते थोर मानण्याची खोड असते. तैतो कंपनीने 1986 मध्ये काढलेला 'ताकेशीचे आव्हान' हा खेळ, विनोदी अभिनेते आणि पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून नावाजलेले ताकेशी कितानो यांच्या कल्पनेतून उतरला आहे. त्यात एके ठिकाणी नकाशा वाचता यावा म्हणून एक तास कोणत्याही बटणाला हात न लावता बसावे लागते आणि दुसरीकडे फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरमधल्या माइकवर गावे लागते. याचे वर्णन ऐकायला गंमत वाटते. प्रत्यक्ष खेळायला तो छळ आहे आणि तो छळ मुद्दाम केलेला आहे. त्याहून प्रामाणिक छळ 'डेझर्ट बस'चा. पेन आणि टेलर या अमेरिकी जादूगारांच्या 1995 च्या, कधीच विक्रीला न आलेल्या संचातला हा खेळ. टूसॉनहून लास व्हेगासला बस न्यायची, खऱ्या वेळेनुसार आठ तास. रस्ता सरळ, वाहतूक नाही, पण बस सतत किंचित उजवीकडे ओढते, म्हणून स्टिअरिंग सोडता येत नाही. पोहोचल्यावर एक गुण मिळतो आणि परतीचा प्रवास सुरू करता येतो. व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर ओरड करणाऱ्यांना हे या जादूगारांचे उत्तर होते. गंमत अशी, की 2007 पासून याच कंटाळवाण्या बसच्या जोरावर दरवर्षी रुग्णालयांतल्या मुलांसाठी देणग्या गोळा केल्या जातात.

आता वाहतुकीचा मुद्दा उलट बाजूने. 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने केला. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न अपुरा पडला, तरी ते थांबले नाहीत आणि 2020 मध्ये खेळ प्रथम निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर निघाला. हरवलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी, राजस्थानी धाटणीचे महाल आणि कथा सांगण्यासाठी सावल्यांच्या बाहुल्या, अशी त्याची मांडणी आहे. लढाया मला मध्यानंतर एकसुरी वाटल्या. वास्तू मात्र अशा आहेत, की लढाई संपल्यावर उगाच कठड्यापाशी थांबावेसे वाटते. परदेशी समीक्षकांनी त्याची दखल घेतली, आणि माझ्या पुण्यातल्या ओळखीच्यांपैकी, जे रोज फोनवर गोळ्या झाडतात, त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्याचे नावही ऐकलेले नव्हते. बायनरी लँड साप्पोरोहून आमच्या गावी पोहोचला. राजीला पुण्यातून पुण्यात यायला वेळ लागतो आहे.

आणि काहींची वाट तर बंदच झाली आहे. जुने खेळ जपण्यासाठी काम करणाऱ्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने 2023 मध्ये केलेल्या पाहणीनुसार, 2010 पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के खेळ आज कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. हडसन सॉफ्ट 2012 मध्ये कोनामीत विलीन झाली, म्हणजे आमचे दोन पेंग्विन आता त्या मोठ्या कंपनीच्या कपाटात आहेत. आपल्याकडच्या नकली कॅसेटींची तर मोजदादच नाही. कोणत्या कॅसेटवर कोणते खेळ होते, नावे कशी चुकवली होती, कोणत्या गावात ताशी काय भाड्याने त्या मिळत, हे अजून माणसांच्या डोक्यातच आहे. कायद्याच्या दृष्टीने ती चोरी होती, म्हणून कोणतेही संग्रहालय ती जपायला उत्सुक नसणार; तरी माझ्या मते जपण्यासारखी तीच आहे, कारण जपानी मूळ प्रत जपायला जपान आहे.

सध्या माझ्याकडे 'मून' चालू आहे. लव्ह-दे-लिक या जपानी चमूचा 1997 चा हा खेळ इंग्रजीत 2020 साली आला. त्यात चिलखत घातलेला शूर नायक दुसराच कोणीतरी आहे. तो वाटेतल्या प्राण्यांना मारत सुटतो, लोकांच्या घरांत घुसून कपाटे उपसतो आणि आपण त्याच्या मागून जाऊन मेलेल्या प्राण्यांचे आत्मे सोडवायचे असतात. अनुभवाचे गुण नाहीत, फक्त प्रेम वाढत जाते. माझा भाचा शेजारी बसून थोडा वेळ पाहत होता. "मामा, मग यात मारायचं कोणाला?" असे त्याने विचारले. कोणालाच नाही, असे सांगितल्यावर, "म्हणजे हा कोणी विकत घेतला नसणार," असा निष्कर्ष त्याने काढला आणि तो आपल्या फोनकडे वळला. त्याचे म्हणणे खोडायला हातात आकडे हवेत, म्हणून या खेळाच्या त्या काळच्या जपानी जाहिराती मी आता शोधतो आहे.