तानपुऱ्यासाठी पैसे साठवताय?

आज मिरजेत एका विद्यार्थिनीसाठी तानपुरे पाहिले. सोलापुरात लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन ती पैसे साठवतेय, खरेदी पुढच्या वर्षी. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण भोपळे आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे बरं!)

पोस्टाची आरडी (दरमहा ठराविक रक्कम भरायची ठेव) पाच वर्षांची, तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. दीड वर्षात वाद्य हवं तर बँकेची घ्या. महिना 2,000 टाकले तर 18 महिन्यांत 36,000, वर व्याज. गवसणी (वाद्याची खोळ) आणि जादा तारा वेगळ्या धरा.

चकाकीला भुलू नका, रंगाखाली सांधलेली चीर सहज लपते. भोपळा बोटांनी सगळीकडे वाजवा. एखाद्या जागी फटफट आवाज आला तर शंका घ्या. खुंट्यांकडून एक डोळा मिटून दांडी सरळ आहे का बघा. खरी परीक्षा जवारीची, म्हणजे तारेच्या खुललेल्या, गुंजणाऱ्या नादाची. घोडीवर (भोपळ्याच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारेखालचं सूत केसभर सरकवत नेलं की एका जागी आवाज खुलायला हवा. चारही तारांना ती जागा सापडत नसेल तर जवारी तिथेच नीट करून घ्या, नाहीतर घरी आणल्यावर कारागीर शोधत बसाल.

तुमची गाण्याची पट्टी (हार्मोनियमच्या ज्या सुराला 'सा' धरता ती) आधीच सांगा. काळी एकचा मोठा तानपुरा काळी चारला चढवला की तारा तुटतात.

आपल्या उन्हाळ्यात लाकूड आकसून खुंट्या घसरतात, तिथे खडू घासा. आणि कूलरच्या झोतात तर वाद्य अजिबात ठेवू नका. ओल-कोरड्याच्या खेळात सांधे सुटतात.