निमित्त एका पेनचं

सकाळी खाली पडलेलं पेन उचलायला वाकले आणि कमरेत अशी काही उसण भरली की सरळच होता येईना. पेन! कपाट सरकवलं असतं तर समजलं असतं. डॉक्टर म्हणाले पेन नुसतं निमित्त, मूळ भानगड रोज ८-९ तास पोक काढून एकाच जागी बसायची, त्यात व्यायामाच्या नावाने शून्य, मग पाठीपोटाचे स्नायू कमजोर होतात आणि कमरेच्या ५ मणक्यांवर ताण येतो. मी आपली मनातल्या मनात थेट स्लिप डिस्कपर्यंत (मणक्यांमधली गादी सरकणं) पोचलेले, एमआरआय काढू का विचारलं तर हसलेच, म्हणे बहुतेक वेळा स्नायू नाहीतर लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) ताणलेलं असतं, काही आठवड्यांत बरं होतं. कळ पायात उतरली तर नस दाबली गेलेली असू शकते. पण पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मध्ये बधीर झालं किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठायचं.

मला वाटलेलं आता आठवडाभर मस्त लोळायचं, तर तेही नाही, झेपेल तेवढं चालत राहा म्हणे, पडून राहिलं की अजून आखडतं.

हे उभ्यानेच टाइप करतेय. पेन अजून तिथेच पडलंय 😑