तुम्ही विचारलंत म्हणून: वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॉडेल ट्रेन एकत्र चालतात का?

प्रश्न साधारण असा येतो: "दादा, ब्रिटिश हॉर्नबीचं इंजिन आहे, बॅकमनचे अमेरिकन डबे आहेत आणि काकांनी जर्मनीहून आणलेला मार्कलिनचा जुना सेट आहे, हे सगळं एकमेकांना जोडता येईल का? आणि इंजिन अपग्रेड करून घेऊ का?" विचारणारे बरेचसे कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून आलेले असतात आणि घरी पोचल्या पोचल्या माळ्यावरचं खोकं खाली काढलेलं असतं. आपल्याकडची कलेक्शनं अशी सरमिसळच असायची, कारण कंपनी आपण निवडतच नाही, जो नातेवाईक ज्या देशात राहतो त्या देशातली कंपनी आपल्या घरी येते.

तर हो, बहुतेक जमतं. पण कंपनीचं नाव घेऊन विचारू नका, गाडी टॉवेलवर उलटी ठेवा आणि खालून बघा. कपलर (डबे एकमेकांना अडकवणारी जोडणी) कुठे लावलाय, किती उंचीवर आहे, चाकं कसली आहेत, करंट कुठून घेते, एवढं कळलं की नावाशी काही देणंघेणं राहत नाही.

रुळाचा प्रश्न सोपा. एचओ आणि ओओ ही मॉडेलची मापं, एचओ म्हणजे १:८७ (खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान) आणि ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६, पण दोन्ही १६.५ मिलिमीटरच्याच रुळावर धावतात. म्हणून हॉर्नबीचं इंजिन अमेरिकन डब्यांपुढे लावलं तर ते थोडं ढब्बू दिसतं, बाकी काही बिघडत नाही. (आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिमी एचओत १९.३ च्या आसपास येतात, म्हणजे १६.५ वर धावणारं भारतीय मॉडेल मुळातच अरुंद रुळावर असतं, तेव्हा शुद्धतेचा आग्रह आपण तरी फार धरू नये.)

खरी मारामारी कपलरची. ब्रिटिश गाड्यांना टेन्शन लॉक असतो, म्हणजे एक आडवी पट्टी आणि तिच्यावर अडकणारा हूक, अगदी दाराच्या कडीकोयंड्यासारखं. युरोपियन गाड्यांना वर उचलली जाणारी कडी असते. जुन्या अमेरिकन सेटना हॉर्न-हूक, तो बाजूने ढकलत बसतो आणि रेक (डब्यांची जोडलेली रांग) मागे घेताना डबे पाडतो. आणि मग नकल कपलर, बंद मुठीसारखा दिसणारा, आपल्या एलएचबी डब्यांना नि बॉक्सएन वाघिणींना जो सीबीसी (सेंटर बफर कपलर) असतो त्याच घराण्यातला. नकलमध्ये कॅडी ही अमेरिकन कंपनी जुनीजाणती, आणि तिचे कपलर धातूचे. कीथ आणि डेल या एडवर्ड्स भावांच्या नावातल्या के आणि डी वरून ते नाव आलंय. त्यांच्या पेटंटची मुदत संपल्यावर प्लास्टिकचे बरेच भाऊबंद बाजारात आले, ते कॅडीशी जुळतात, फक्त लांब रेक ओढायला लावला की त्यांची प्लास्टिकची स्प्रिंग थकते.

माझं मत विचाराल तर सगळं कॅडीवर आणा. पण एकदम सगळं नाही, आणि हा भाग लोक ऐकतच नाहीत. सहा डब्यांचा एक रेक कायम एकत्रच धावणार असेल तर आतले कपलर आहेत तसे राहू द्या, फक्त दोन टोकांचे बदला. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे एक वाघीण घ्यायची, तिच्या एका बाजूला टेन्शन लॉक आणि दुसऱ्या बाजूला नकल लावायचा आणि ती इंजिनामागे ठेवायची. खऱ्या रेल्वेतही हे चालतं, ब्रिटनमध्ये कपलर न जुळणाऱ्या गाड्यांमध्ये असाच मधला डबा लावतात, आणि आपल्या इंजिनांवर सीबीसीच्या जोडीला स्क्रू कपलिंग नि बफर असतात ते याचसाठी. तेव्हा घरच्या टेबलावर लाज कसली.

आता उंची. एचओत नकलचा मध्य रुळाच्या वर २५/६४ इंच, म्हणजे दहा मिलिमीटरला जरासा कमी असायला हवा. हे डोळ्याने ठरवू नका. कॅडीचं २०५ नंबरचं उंचीचं गेज मिळतं, रुळावर ठेवायचं आणि डबा त्याच्याकडे ढकलायचा, दोन मुठी एका रेषेत आल्या की झालं. खाली असेल तर बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) आणि डब्याच्या मध्ये फायबरचा वॉशर घालायचा, कॅडीचे लाल वॉशर ०.०१५ इंचाचे आणि राखाडी ०.०१० चे, बहुतेक वेळा एखाद्या लालमध्ये काम होतं. मग खाली लोंबणारी वाकडी तार बघायची, तिला ट्रिप पिन म्हणतात, ती रुळापासून साधारण ०.८ मिमी वर हवी, नाहीतर सांध्यावर अडकते आणि तुम्ही पॉइंटला (रूळ बदलायच्या जागेला) शिव्या घालत बसता. ती बारीक पक्कडीने हलकेच वर वाकवायची, कपलर दुसऱ्या हातात पक्का धरून, नाहीतर पिनच निघून येते. मुठीतली स्प्रिंग तर डोळ्यांनी दिसेल न दिसेल इतकी बारीक असते आणि चिमट्यातून सुटली की या जगात परत सापडत नाही, म्हणून हे काम पारदर्शक झिपलॉक पिशवीत हात घालून करायचं. हसू नका, करून बघा.

नवीन गाड्यांना खाली एक चौकोनी खाच असते, तिला एनईएम ३६२ पॉकेट म्हणतात. ती असेल तर तुमचं नशीब, जुना कपलर ओढून काढायचा आणि कॅडीचा १७, १८, १९ किंवा २० नंबरचा खोचायचा, नंबर वाढत जातो तशी लांबी वाढते. मी आधी १८ लावून बघतो आणि डबे वळणावर एकमेकांना घासले तर १९. पण काही ब्रिटिश डब्यांवर हे पॉकेट भलत्याच उंचीवर बसवलेलं असतं, म्हणून पॉकेट दिसलं तरी गेज लावाच.

अजून एक, कपलर बोगीला लावलेला आहे की डब्याच्या अंगाला हेही बघा. बोगीला लावलेले असले की ओढताना मजेत चालतात आणि रेक मागे ढकलला की बोगी तिरकी होऊन डबा खाली. शंटिंग करायचं असेल तर कपलर अंगालाच हवेत.

वजनाचं कुणी विचारत नाही, पण मिश्र रेकमध्ये निम्मे अपघात त्यामुळेच. अमेरिकेच्या एनएमआरएचा (मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचा) साधा नियम आहे, एचओ डब्याला एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे सहा इंची वाघीण चार औंस, साधारण ११३ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजा, कमी भरली तर आत नट चिकटवा. हलकी वाघीण पुढे आणि जड डबे मागे असले की वळणावर ती आतल्या बाजूला उलटणारच.

आता मार्कलिन. तिथे मात्र थांबा. मार्कलिन एचओ एसीवर चालतं, करंट रुळाच्या मधल्या ठिपक्यांतून घेतं आणि दोन्ही रूळ एकाच तारेला जोडलेले असतात, म्हणून त्यांच्या डब्यांची चाकं एकमेकांपासून इन्सुलेट केलेली नसतात. असा डबा तुमच्या दोन रुळांच्या डीसी लेआउटवर ठेवला की सरळ शॉर्ट. डब्याचं काम सोपं आहे, डीसीचे चाकांचे जोड मिळतात ते घालायचे. जुन्या इंजिनाचं म्हणाल तर मोटरमधली फील्ड कॉइल (विजेने चुंबक होणारी तारेची गुंडाळी) काढून कायमचं चुंबक घालता येतं, मार्कलिनचाच हॅमो नावाचा दोन रुळांचा ब्रँड होता तो याच वाटेने गेलेला, पण चाकंही बदलावी लागतात, करंट घेण्याची पट्टीही. काकांचं इंजिन असेल तर माझं ऐका, त्याला त्याचा गोल रूळ आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर ठेवा, डबे फक्त इकडे आणा.

अपग्रेडचं. लोक थेट डिकोडर (रुळातून आलेले डिजिटल हुकूम ओळखून इंजिन चालवणारी चिप) विकत घ्यायला निघतात. आधी इंजिन नीट चालतंय का ते साध्या डीसीवर बघा. चाकं आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, मोटरच्या कम्युटेटरवरचा (फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवरचा) काळा थर काढा, गिअरमधलं वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस खरवडा, घड्याळाचं तेल सुईच्या टोकाने एकेक थेंब. मग मोजा की किती चाकं करंट घेतात. जुन्या इंजिनात बऱ्याचदा एका बोगीची एक बाजू आणि दुसऱ्या बोगीची दुसरी बाजू, बस. उरलेल्या चाकांना फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्ट्या लावून वायर सोल्डर केली की तेच इंजिन सांध्यावर अडखळायचं थांबतं. माझ्या मते पैसे खर्च करायची पहिली जागा हीच.

मोटर खरंच गेली असेल तर जुन्या चपट्या पॅनकेक मोटरच्या जागी सीडी ड्राइव्हची मोटर बसवतात, ब्रिटिश हौशी लोकांमध्ये हा धंदा जोरात आहे आणि आपल्याला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात असा माल किलोवारी मिळू शकतो. फक्त व्होल्टेज बघून घ्या, त्यातल्या बऱ्याच मोटारी पाच-सहा व्होल्टच्या असतात, १२ व्होल्टवर फिरतात सुसाट पण तापतात.

डिकोडर सगळ्यात शेवटी. इंजिनात आठ पिनांचं किंवा २१ पिनांचं सॉकेट असेल तर पाच मिनिटांचं काम. नसेल तर जुन्या इंजिनात मोटरचा एक ब्रश (मोटरला करंट देणारा तुकडा) थेट चासीला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेला असतो, तो आधी पूर्ण वेगळा करायचा आणि मल्टिमीटरने चासी आणि ब्रश यांच्यात बीप येत नाही ना ते बघायचं, बीप आला आणि तरी डिकोडर लावला तर धूर नक्की. मोटर हाताने अडवून किती अँपिअर खेचते तेही मोजा, साध्या एचओ डिकोडरची ताकद एक अँपिअरच्या आसपास असते.

डीसीसीचा, म्हणजे डिकोडरवाल्या डिजिटल कंट्रोलचा, खरा फायदा दोन कंपन्यांची इंजिनं जोडीने लावताना होतो. एक पळतं, दुसरं रांगतं, आणि डीसीवर त्याला इलाज नाही. डिकोडरमध्ये सीव्ही (नंबर दिलेली सेटिंग) २, ५ आणि ६ म्हणजे सुरुवातीचा, कमाल आणि मधला वेग, ते बदलून पळणाऱ्याला आवरायचं, कधीही रांगणाऱ्याला ताणायचं नाही. आणि दोन्ही इंजिनांच्या धातूच्या चासीत करंट असेल, त्यात एक उलट्या तोंडाने उभं असेल, तर धातूचा कपलर चासीला थेट टेकवू नका, तिथे प्लास्टिकचा गिअरबॉक्स (कपलर बसतो ती डबी) आणि प्लास्टिकचाच स्क्रू वापरा.

तर पुढच्या वेळी मेसेज कराल तेव्हा इंजिनाचा वरून काढलेला चकचकीत फोटो नको, खालचा पाठवा, शेजारी पट्टी ठेवून, आणि फ्लॅश बंद करून, काळ्या प्लास्टिकवर फ्लॅश पडला की काही म्हणजे काही दिसत नाही.