पाण्याचा माग काढणारे नॉर्बेर कास्तेरे

नाशिकच्या परिसरात वाढलेल्या माणसाच्या मनात गुहा म्हणजे पांडवलेणी, अर्थात कातळात छिन्नीने कोरलेली दालने. चुनखडी विरघळवून पाण्यानेच घडवलेल्या अफाट गुहा आपल्या बेसाल्टच्या मुलखात आढळत नाहीत. अशा गुहांत आयुष्य वेचून त्यांवर अनेक पुस्तके लिहिणारे फ्रेंच संशोधक नॉर्बेर कास्तेरे (१८९७–१९८७) मला म्हणूनच विलक्षण वाटतात.

१९२२ साली फ्रान्समधील मोंतेस्पानच्या गुहेत, जिथे छत थेट पाण्याला टेकले होते, तिथे ते एकट्याने श्वास रोखून पाण्याखाली शिरले आणि छत चाचपत पलीकडे निघाले. मेणबत्त्या आणि काड्यापेटी त्यांनी रबरी टोपीत जपली होती. पुढच्या वर्षी मित्रासह ते परतले, तेव्हा त्यांना हिमयुगातील माणसाने मातीत घडवलेले बिनडोक्याचे अस्वल सापडले.

या धाडसाची कीर्ती मोठी असली, तरी त्यांचे १९३१ सालचे काम मला अधिक मोलाचे वाटते. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतात आनेतो शिखराच्या हिमनदीचे पाणी त्रू द्यू तोरो नावाच्या विवरात गडप होते. हे विवर जलविभाजकाच्या, म्हणजे जिथून पाणी दोन बाजूंना वाटले जाते त्या डोंगररेषेच्या, दक्षिणेला असल्याने ते पाणी भूमध्य समुद्राकडेच जात असावे, असे अनेकांचे मत होते. कास्तेरे यांनी तिथे ६० किलो फ्लोरेसिन हा रंग ओतला आणि डोंगराच्या उत्तरेकडील झरा हिरवागार झाला. म्हणजे ते पाणी पर्वताच्या पोटातून गारोन नदीला, आणि पुढे अटलांटिकला मिळत होते. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी लुप्त होऊन गंगाद्वारी आणि पुढे कुशावर्तात प्रकटते, ही श्रद्धा ऐकत वाढलेल्या आपल्याला या प्रयोगाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे.

या शोधयात्रांत पत्नी एलिझाबेथ त्यांच्या बरोबरीने दोरावरून उतरत. १९२६ साली सुमारे २,७०० मीटर उंचीवरची बर्फाची गुहा सापडली, तेव्हा त्या सोबत होत्या, शिवाय कास्तेरे यांच्या आईही होत्या. एलिझाबेथ १९४० साली निवर्तल्या. पुढे मुलीही वडिलांबरोबर गुहांत उतरू लागल्या.

१९५२ साली पिरेनीजमधल्याच पिएर सें-मार्तांच्या ३०० मीटरांहून खोल विवरात तारेची पकड सुटून मार्सेल लुबें हे त्यांचे तरुण सहकारी कोसळले आणि दगावले. त्यांचा देह १९५४ साली वर काढणाऱ्या मोहिमेत, वयाच्या छपन्न-सत्तावन्नाव्या वर्षी, कास्तेरे स्वतः सहभागी झाले आणि त्या दुर्घटनेविषयी त्यांनी लिहिलेही.